पोलादी टोपावरची खूण कुणाला वाचायची होती?

पहिल्या महायुद्धातलं ब्रिटिश पोलादी हेल्मेट कधी हाती लागलं, तर त्यावर रंगवलेलं चिन्ह बघायच्या आधी त्याला चुंबक लावून बघावं. घुमटावर चुंबक धरतच नाही, घरंगळून खाली येतं. तेच चुंबक काठावर नेलं की टक्कन चिकटतं. किलोभर वजनाची, डोळ्यांना सरळसरळ लोखंडी दिसणारी वस्तू, आणि चुंबकाच्या लेखी तिचा फक्त काठ लोखंडाचा!

ही किमया शेफिल्डच्या रॉबर्ट हॅडफिल्डनं १८८२ मध्ये शोधलेल्या पोलादाची. त्यात बारा-तेरा टक्के मँगनीज असतं. एवढं मँगनीज मिसळलं की लोखंडाच्या अणूंची जी मांडणी एरवी फक्त तापलेल्या अवस्थेत असते, ती धातू थंड झाल्यावरही तशीच राहते. आणि त्या मांडणीला चुंबक ओढत नाही. या पोलादाचा दुसरा गुण आणखी अजब. मार खाल्ला की ते वरून आणखी कडक होतं. आपल्या काटोलवरून नागपूर-इटारसी मार्गाच्या गाड्या रात्रंदिवस धडधडत जातात. एक रूळ दुसऱ्याला छेदतो त्या जागी प्रत्येक चाक दणका देऊन पुढे जातं, आणि असे दणके सोसायला भारतीय रेल्वे मँगनीज पोलादाची ओतीव क्रॉसिंगं वापरते. रुळाखालचं आणि सैनिकाच्या डोक्यावरचं पोलाद एकाच कुळातलं आहे.

१९१५ मध्ये जॉन ब्रॉडी यानं लंडनमध्ये या टोपाचं पेटंट घेतलं. खंदकातल्या माणसाला सगळ्यात मोठा धोका वरून पडणाऱ्या तुकड्यांचा होता, म्हणून घुमट उथळ आणि काठ रुंद ठेवला. सुरुवातीच्या टोपांचा काठ तसाच, कापल्यासारखा उघडा असे. पुढे त्यावर साध्या पोलादाची पट्टी दुमडून बसवू लागले. चुंबक चिकटतं ते या पट्टीला. म्हणजे अजून एकही अक्षर वाचलं नाही, तरी हा टोप पहिल्या खेपेतला की नंतरचा, हे कळलं.

आता अक्षरांकडे वळू. असा टोप समोर आला की पहिला प्रश्न येतो, ‘हा कुठल्या पलटणीचा?’ जुनी हेल्मेटं जमवणारी जाणती मंडळी मात्र त्याच्या आधी दुसरा प्रश्न विचारतात: ही खूण कुणी वाचावी म्हणून केली होती? कारखान्याचा ठसा तपासनिसासाठी असतो, बाणाचं चिन्ह कोठारवाल्यासाठी, रंगीत चौकोन आपल्याच बाजूच्या अधिकाऱ्यासाठी आणि आतल्या पट्ट्यावर शाईनं लिहिलेलं नाव शेजारच्या खाटेवरच्या गड्यासाठी. वाचणारा सापडला की खुणेचा अर्थ आपोआप उलगडतो. आणि वाचणारा सापडतच नसेल, तर ती खूण बहुतेक वेळा विकणाऱ्यानं काढलेली असते.

डाग घोड्याला, टोप कोरा

आपल्याकडच्या जुन्या शिरस्त्राणांपासून सुरुवात केली तर पहिलाच धक्का बसतो. सतराव्या-अठराव्या शतकातले टोप संग्रहालयांच्या शस्त्रदालनांत पुष्कळ दिसतात. पोलादी घुमट, नाकावरून खाली-वर सरकणारी पट्टी, कलगी खोवायला दोन बाजूंना नळ्या, मानेवर रुळणारी कड्यांची जाळी. काहींवर सोन्याची नक्षी असते. पण ‘अमुक पथक, तमुक तुकडी’ अशी खूण शोधू गेलात तर हाती काही लागत नाही.

कारण साधं आहे. शिलेदार आपला घोडा, आपली हत्यारं, आपला टोप घेऊन चाकरीला यायचा. टोप त्याचा स्वतःचा. त्यावर सरकारनं खूण कशाला करायची? सरकारला काळजी होती ती घोड्याची. हजेरीला चांगला घोडा दाखवायचा आणि मोहिमेवर मरतुकडं तट्टू आणायचं, किंवा एकच घोडा दोघांच्या नावावर मोजून घ्यायचा, हे प्रकार सर्रास चालत. म्हणून अलाउद्दीन खिलजीनं घोड्यांना डाग द्यायची पद्धत आणली. अकबरानं ती पुन्हा सुरू केली आणि जोडीला स्वाराचा ‘चेहरा’, म्हणजे त्याच्या अंगलक्षणांची नोंद, ठेवायला लावली. मराठ्यांच्या फौजेत बारगिराचा घोडा सरकारी पागेतला आणि शिलेदाराचा त्याचा स्वतःचा, हा भेद पगारापासून नुकसानभरपाईपर्यंत सगळीकडे लागू होता. भांडण जिथे होण्याचा संभव, तिथे खूण. भांडण घोड्यावरून व्हायचं, म्हणून डाग घोड्याच्या पुठ्ठ्यावर आणि टोप कोरा.

टोप एकदा राजाच्या शस्त्रागारात जमा झाला की चित्र पालटतं. बिकानेरचा अनूपसिंह औरंगजेबाच्या बाजूनं दक्षिणेत लढत होता. आदोनीच्या मोहिमेत त्याच्या हाती लागलेली चिलखतं आणि शस्त्रं बिकानेरच्या शस्त्रागारात गेली. तिथल्या वस्तूंवर टोच्यानं ठोकून ठिपक्याठिपक्यांची देवनागरी अक्षरं काढलेली आहेत. आज ही शस्त्रं जगभरच्या संग्रहालयांत विखुरली आहेत, पण ठिपक्यांची ती ओळ दिसली की जाणकार लगेच ‘बिकानेर’ म्हणतात. ती अक्षरं शत्रूला भिववायला किंवा मित्राला ओळखू यायला काढलेली नाहीत. ती शस्त्रागाराच्या कारकुनासाठी आहेत.

राजाची खूण हा आणखी तिसरा प्रकार. मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात अकबराचं १५८१ सालचं उरस्त्राण आणि १५९३ सालची ढाल आहे. त्यांवरचे लेख मालकाचं मोठेपण सांगतात. टिपू सुलतानाच्या शस्त्रांवर वाघाच्या पट्ट्यांची नक्षी दिसते. तीही राजाचीच सही. पलटणीची ओळख तिच्यातही नाही.

चामड्याच्या आतला हिशेब

पलटणीची खूण टोपावर येते ती सरकार स्वतःच्या खर्चानं एकसारखे टोप वाटू लागल्यावर. याचा सगळ्यात देखणा नमुना म्हणजे प्रशियाचा टोकदार टोप, पिकेलहाउबं. राजा फ्रीडरिश विल्हेल्म चौथा यानं १८४२ मध्ये तो सैन्याला दिला. कडक केलेलं चामडं, वर पितळी टोक, पुढे मोठा पत्रा. पत्र्यावर गरुड असेल तर प्रशिया, सिंह असतील तर बव्हेरिया. दोन कानांजवळ दोन रंगीत चकत्या. १८९७ पासून उजवीकडची साम्राज्याची काळी-पांढरी-लाल आणि डावीकडची त्या-त्या संस्थानाची. म्हणजे समोरून बघणाऱ्याला माणूस जर्मनीच्या कुठल्या भागातला ते समजे, पण रेजिमेंट समजेलच असं नव्हतं.

रेजिमेंट कळते ती टोप उलटा धरल्यावर. मागच्या मानपट्टीच्या आतल्या चामड्यावर शाईचे किंवा दाबून उठवलेले ठसे असतात. ‘बी. ए.’ आणि पुढे रोमन आकडा, म्हणजे अमक्या कोअरचा कपडेपट, त्याखाली साल. मग ‘जे. आर. ७६’ अशी अक्षरं, म्हणजे ७६ वी पायदळ रेजिमेंट, ही हॅम्बुर्गची. पुढे बटालियन आणि कंपनीचा आकडा. जर्मन कपडेपट मोठा काटकसरी. नवा टोप आधी संचलनासाठी, जुना झाला की रोजच्या वापराला, आणखी जुना झाला की कवायतीला, अशी त्याची उतरंड असे. दुसऱ्या कंपनीकडे गेला की जुना ठसा खोडून शेजारी नवा मारायचा. त्यामुळे एकाच टोपात खोडलेले दोन-तीन ठसे सापडतात आणि त्याचा सगळा प्रवास वाचता येतो. हे सगळं वाचणारा एकच होता: महिन्याअखेरी कोठारातल्या टोपांची मोजदाद करणारा माणूस.

युद्धावर जाताना या टोपावर कापडी गवसणी चढवत आणि तिच्या पुढच्या बाजूला रेजिमेंटचा आकडा लाल रंगात लावत. १९१४ च्या ऑगस्टमध्ये लढाई सुरू होताच लक्षात आलं, की लाल आकडा आपल्याइतकाच शत्रूलाही वाचता येतो. आकडे हिरवे करण्याचा हुकूम निघाला आणि पुढे ते काढूनच टाकायला सांगितलं. एकाच टोपावर आतली खूण निश्चिंत आणि बाहेरची जिवावर उठलेली. वाचणारा बदलला की खुणेचं भाग्य कसं बदलतं, याचं इतकं स्वच्छ उदाहरण दुसरं नाही.

मित्रानं वाचावं, शत्रूनं वाचू नये

या पेचावर १९१६ च्या सुमारास ब्रिटिशांनी जी तोड काढली, ती मला या सगळ्या विषयातली सर्वात हुशार गोष्ट वाटते. आकडे आणि नावं काढून टाकायची, त्यांच्या जागी चित्रं आणि आकार आणायचे. पंचावन्नाव्या डिव्हिजननं लँकेशरचं लाल गुलाब घेतलं, छत्तिसाव्या अल्स्टर डिव्हिजननं लाल पंजा. खालच्या पातळीवर चौकोन, त्रिकोण, गोल, पट्टे. अनेक पलटणींनी हे आकार पोलादी टोपाच्या बाजूला किंवा मागे रंगवले. हल्ला चढवताना मागून येणाऱ्या अधिकाऱ्याला धुराळ्यात दिसायचं, की पुढची लाट आपल्याच पलटणीची आहे. शत्रूच्या हाती तोच टोप लागला तर त्याला नुसता एक पिवळा त्रिकोण दिसायचा.

ऑस्ट्रेलियाच्या सैन्यानं याचं चक्क व्याकरण बनवलं. बाहीवर शिवलेल्या आणि कधी टोपावर रंगवलेल्या त्यांच्या रंगीत तुकड्यांत आकार म्हणजे डिव्हिजन: पहिलीचा आडवा आयत, दुसरीचा हिऱ्यासारखा चौकोन, तिसरीचा अंडाकृती, चौथीचा गोल. खालचा रंग ब्रिगेडचा. वरचा रंग त्या ब्रिगेडमधला बटालियनचा क्रम सांगणारा: काळा, जांभळा, तपकिरी, पांढरा. आडव्या आयतात वर काळा, खाली हिरवा दिसला की पहिल्या डिव्हिजनच्या पहिल्या ब्रिगेडची पहिली बटालियन. ज्याला किल्ली ठाऊक त्याला एका नजरेत सगळा पत्ता; ज्याला ठाऊक नाही त्याला दोन रंगांची चिंधी.

फ्रेंचांनी वेगळा मार्ग धरला. १९१५ च्या त्यांच्या आद्रियां टोपाला पुढे पत्र्याचा बिल्ला असे, पण तो पलटण सांगत नसे, शाखा सांगे. पेटता गोळा म्हणजे पायदळ, गोळ्यामागे आडव्या-तिडव्या तोफा म्हणजे तोफखाना, शिकारी शिंग म्हणजे शॅस्यर, नांगर म्हणजे वसाहती फौज, चंद्रकोर म्हणजे उत्तर आफ्रिकेतले सैनिक. असा टोप दाखवून कुणी ‘ही अमक्या रेजिमेंटची खूण’ म्हणालं, तर तिथेच सावध व्हावं.

कामठी, छिंदवाडा आणि मराठा पलटणी

काटोलहून नागपूर साठेक किलोमीटर, तिथून पुढे कन्हान नदीकाठी कामठी. सीताबर्डीच्या लढाईनंतर चार वर्षांनी, १८२१ मध्ये, इंग्रजांनी इथे छावणी वसवली. तिथल्या गोऱ्या शिपायांच्या डोक्यावर पोलाद नव्हतं. शोल्याच्या गाभ्याची किंवा बुचाची, वर खाकी कापड चढवलेली टोपी असे. तिच्याभोवती कापडाचे पट्टे गुंडाळत आणि बाजूला पलटणीच्या रंगाचा तुकडा शिवत. नागपूर व्हॉलंटिअर रायफल्ससारख्या गोऱ्या आणि अँग्लो-इंडियन नागरिकांच्या हौशी पलटणीही होत्या. अशा दलांच्या धातूच्या बिल्ल्यांवर मुकुट असेल तर तो नीट बघावा: व्हिक्टोरियाच्या काळातला मुकुट वेगळा, १९०१ नंतरच्या राजांचा वेगळा. १९५० नंतरच्या भारतीय बिल्ल्यांवर मुकुटाच्या जागी अशोकस्तंभाचे सिंह आले. पलटणीचं नाव झिजून गेलेलं असलं, तरी डोक्यावरचं चिन्ह काळ सांगतं.

मराठी शिपाई मात्र बराच काळ टोपाविनाच लढला. १०३, ११० आणि ११७ या क्रमांकांच्या मराठा पलटणी सहाव्या पुणे डिव्हिजनबरोबर मेसोपोटेमियात गेल्या आणि डिसेंबर १९१५ ते एप्रिल १९१६ कूतच्या वेढ्यात अडकल्या. त्यांच्या डोक्यावर पागोटं होतं. त्यांची ओळख खांद्यावरच्या पितळी अक्षरांत आणि बिल्ल्यात होती. म्हणून ‘कूतच्या वेढ्यातलं मराठा पलटणीचं पोलादी हेल्मेट’ असं कुणी दाखवलं, तर चुंबकसुद्धा काढायची गरज नाही.

दुसऱ्या महायुद्धात चित्र बदललं. आता ब्रॉडीचाच सुधारलेला अवतार, मार्क दोन, भारतीय पलटणींना मिळू लागला. शीख शिपायांनी पगडी सोडली नाही; मराठा पलटणींनी टोप घातला. १० जुलै १९४४ ला इटलीत टायबर नदीच्या वरच्या खोऱ्यात नाईक यशवंत घाडगे यांनी एकट्यानं मशिनगनच्या ठाण्यावर चाल केली आणि तिथेच ते पडले. ते ३/५ मराठाचे. ९ एप्रिल १९४५ ला सेनिओ नदीकाठी शिपाई नामदेव जाधव यांनी जखमींना सुरुंगांतून पाठीवर वाहून आणलं, मशिनगनची ठाणी मोडली आणि बांधावर चढून मराठ्यांची युद्धगर्जना केली. ते १/५ मराठाचे. दोघांनाही व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. इटलीतल्या माँटोने गावात २०२३ मध्ये घाडगे यांचं स्मारक उभं राहिलं.

त्या काळातला मार्क दोन टोप उलटा धरला तर काय दिसतं? घुमटाच्या मधोमध आतल्या अस्तराला धरून ठेवणारा एकच स्क्रू. काठाच्या खालच्या बाजूला, हनुवटीच्या पट्ट्याच्या कडीजवळ, बारीक इंग्रजी अक्षरं आणि साल. ‘बी.एम.बी.’ म्हणजे डॅगनमची ब्रिग्ज मोटर बॉडीज, मोटारींचे सांगाडे बनवणारी कंपनी. ‘जे.एस.एस.’ म्हणजे जोसेफ सँकी अँड सन्स. ‘एच.बी.एच.’ म्हणजे शेफिल्डचे हॅरिसन ब्रदर्स अँड हाउसन. मागच्या काठाला ओळीत तीन भोकं दिसली तर टोप दक्षिण आफ्रिकेत घडलेला. उत्तर आफ्रिकेतल्या आठव्या आर्मीत असे टोप भरपूर वाटले गेले. ब्रिटनमध्ये कमी प्रतीच्या पोलादाचे टोप नागरी संरक्षणाकडे जात, आणि त्यांच्या काठालाही भोकं पाडत. तेव्हा भोकं किती यापेक्षा ती कुठे आणि कशी, हे महत्त्वाचं.

त्याच काठावर किंवा अस्तरावर तीन रेघांचा बाण शोधावा. ब्रिटिश सरकारी मालमत्तेची ही जुनी खूण. साम्राज्यातल्या प्रत्येक देशानं तिला आपलं अक्षर जोडलं: कॅनडानं बाणाभोवती ‘सी’ काढला, दक्षिण आफ्रिकेनं ‘यू’, ऑस्ट्रेलियानं दोन बाजूंना ‘डी’. बाणाखाली ‘आय’ असेल तर तो भारत सरकारचा माल. बारीक अक्षरांत दाबलेलं ‘डब्ल्यू, बाण, डी’ म्हणजे वॉर डिपार्टमेंट. पुढच्या बाजूला मोठं पांढरं ‘डब्ल्यू’ रंगवलं असेल तर तो वॉर्डनचा, विमानहल्ल्यात ब्रिटनमधल्या गल्लीबोळांत दिवे मालवायला लावणाऱ्या नागरिकाचा टोप. एकच अक्षर, पण पहिलं कोठारवाल्यासाठी आणि दुसरं अंधारात धावणाऱ्या शेजाऱ्यासाठी.

रंगवलेली डिव्हिजनची चिन्हं सगळ्यांना भुरळ घालतात. चौथ्या भारतीय डिव्हिजनचा काळ्यावर लाल गरुड, पाचवीचा काळ्यावर लाल गोळा, सातवीचा सोनेरी बाण, सतरावीची काळी मांजर, तेविसावीचा लाल झुंजार कोंबडा. यांची मुख्य जागा दंडावर आणि गाडीच्या मडगार्डवर होती. टोपावर ती कधीमधीच दिसत. गाडीवर चिन्हाच्या जोडीला रंगीत चौकोनात एक आकडा असे. पायदळात लाल चौकोन पहिल्या ब्रिगेडचा, हिरवा दुसऱ्या, तपकिरी तिसऱ्या. आणि लालातले ५५, ५६, ५७ म्हणजे त्या ब्रिगेडच्या तीन बटालियनी. प्रत्येक डिव्हिजनमध्ये हेच आकडे परत येत. नुसता ५६ वाचून काही कळत नाही आणि नुसता गरुड वाचूनही पलटण कळत नाही. दोन्ही एकत्र वाचले तरच पत्ता लागतो. अहिल्यानगरच्या रणगाडा संग्रहालयात उभ्या असलेल्या गाड्यांवर अशी चिन्हं शोधण्यात एक दुपार सहज निघून जाते.

आपल्या भागाचा अशा चिन्हांच्या पलटणींशी थेट संबंध आहे. काटोलच्या उत्तरेला, सातपुड्यातल्या छिंदवाड्याला, १९४३ पासून चौदावी भारतीय डिव्हिजन होती. आराकानच्या अपयशी मोहिमेतून परतल्यावर तिचं रूपांतर प्रशिक्षण डिव्हिजनमध्ये झालं. ब्रह्मदेशात जाणारे नवे शिपाई इथल्या साग-बांबूच्या रानात जंगलयुद्ध शिकले. आणि कामठीला महार रेजिमेंटची दुसरी पलटण उभी राहिली. पहिली १९४१ मध्ये बेळगावात उभी राहिली होती. या रेजिमेंटचा बिल्ला स्वतःचं साल स्वतः सांगतो. सुरुवातीला त्यावर कोरेगावचा विजयस्तंभ होता. १९४६ मध्ये रेजिमेंट मशिनगनची झाली आणि बिल्ल्यावर आडव्या-तिडव्या व्हिकर्स मशिनगन आल्या. पुढे स्तंभाच्या जागी खंजीर आला. स्तंभ की खंजीर, मशिनगन आहे की नाही, एवढं बघितलं की बिल्ल्याचा काळ ठरतो.

थर मोजा, मग विश्वास ठेवा

टोपाची ओळख पटवताना मला सगळ्यात विलक्षण वाटतो तो रंग. भिंगातून काठाजवळचा एखादा टवका बघा. सगळ्यात वर ऑलिव्ह हिरवा, त्याखाली वाळूचा पिवळट, त्याखाली मूळचा खाकी-तपकिरी, आणि मग उघडं पोलाद. चौथी भारतीय डिव्हिजन डिसेंबर १९४० मध्ये इजिप्तच्या वाळवंटात सिदी बर्रानीला लढली, मग एरिट्रियात केरेनला, मग पुन्हा वाळवंटात आणि १९४४ च्या सुरुवातीला इटलीतल्या कासिनोला. वाळवंटात टोप वाळूच्या रंगाचा केला, इटलीत झाडीच्या. नखाएवढ्या टवक्यात दोन खंडांचा प्रवास थरांनी साठलेला असतो. रंगात मुद्दाम वाळू किंवा लाकडाचा भुसा मिसळत, म्हणजे टोप उन्हात चमकू नये. बोटाला तो खरखरीतपणा अजून जाणवतो.

हेच थर खोटेपणाही उघडा पाडतात. चिन्ह सगळ्यात वरच्या थरावर असेल, पण खालचे थर खरचटलेले आणि चिन्ह मात्र त्या खरचट्यांवरून सलग गेलेलं असेल, तर ते नंतर काढलेलं. चिन्हाच्या रंगाखाली गंज असेल तरी तेच. खरी झीज आधी उंचवट्यांवर होते: घुमटाचा माथा, काठाची कड. सगळीकडे सारखी ‘झिजलेली’ खूण सॅंडपेपरनं झिजवलेली असते. अतिनील दिव्याखाली आजचे काही रंग निळसर उजळतात; त्या काळातले तसे उजळत नाहीत. दुसऱ्या महायुद्धातल्या जर्मन टोपांवरच्या गरुडांना आणि ढालींना बाजारात मोठी किंमत, म्हणून खोटेपणा त्यांतच सर्वाधिक. तिथेही आतला ठसा कामी येतो: ‘ई.टी. ६४’ म्हणजे टालेचा कारखाना आणि ६४ मापाचं कवच, ‘क्यू’ म्हणजे एस्लिंगनचा क्विस्ट कारखाना. तीन रंगांची ढाल लावायची पद्धत १९४० मध्ये बंद झाली. त्यानंतर घडलेल्या टोपावर ती दिसली की कपाळाला आठ्या घालाव्यात.

आणखी एक सावधगिरी. पोलादाचं साल, अस्तराचं साल आणि पट्ट्याचं साल ही तीन वेगवेगळी असू शकतात, आणि त्यात गैर काही नाही. अस्तर घामानं कुजतं, पट्टा तुटतो. कोठारात दुरुस्ती होते आणि नवा भाग बसतो. तिन्ही सालं तंतोतंत जुळणारा टोप बहुधा कोठाराच्या फळीवरच पडून राहिलेला असतो. युद्ध बघितलेला टोप जोडाजोडीचाच असतो.

कोऱ्या टोपाची बाजू

आता जरा उलटं सांगायचं आहे. भारतीय पलटणींनी वापरलेल्या बहुसंख्य टोपांवर पलटणीची कसलीच खूण नव्हती. टोप सरकारी, एका शिपायाकडून कोठारात परत येई आणि दुसऱ्याला मिळे. त्यावर चिन्ह रंगवून ठेवलं तर उद्या दुसऱ्या पलटणीत तो कुणी घालायचा? शिपायाची ओळख बिल्ल्यात, खांद्यावरच्या अक्षरांत आणि गळ्यातल्या बिल्ल्याच्या आकड्यात होती. म्हणून एखाद्या घरात आजोबांच्या ट्रंकेत साधा, कोरा, काठावर ‘आय’चा बाण असलेला टोप निघाला, तर त्याला कमी लेखू नये. सजवलेल्या टोपापेक्षा त्याच्या खरेपणाची शक्यता जास्त.

त्याच्या शेजारी कागद ठेवला की तो बोलू लागतो. आतल्या पट्ट्यावर शाईनं लिहिलेला शिपाई क्रमांक नावाहून मोलाचा. ब्रिटिश सैन्यात १९२० पासून प्रत्येक रेजिमेंटला क्रमांकांचा ठरावीक पल्ला दिलेला होता. आकडा बघूनच रेजिमेंट ओळखता येते. भारतीय शिपायाच्या बाबतीत घरातलं डिस्चार्ज बुक, पेन्शनचे कागद, पदकांच्या कडेवर कोरलेला क्रमांक आणि नाव हे सगळं टोपाबरोबर वाचावं. माणूस परतला नसेल तर कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्ज कमिशनच्या यादीत त्याचं नाव, क्रमांक आणि पलटण सापडू शकते. इटलीतल्या फोर्ली आणि सांग्रोच्या स्मारकांवर कितीतरी भारतीय नावं कोरलेली आहेत.

टोप सापडला तर दोन गोष्टी करू नयेत. एक, चिंच-मीठ किंवा तारेची घासणी लावून तो चकचकीत करू नये. गंजाबरोबर थर जातील आणि थरांबरोबर सगळा प्रवास. मऊ कोरड्या ब्रशनं धूळ झाडावी, अस्तराचं चामडं वाकवू नये, पावसाळ्यात दमट खोलीत ठेवू नये, एवढं पुरे. दोन, परदेशातल्या कुणाला विकायच्या भानगडीत पडू नये. १९७२ च्या पुरावस्तू कायद्यानुसार शंभर वर्षांहून जुनी अशी वस्तू पुरावस्तू ठरते आणि ती खासगीरीत्या देशाबाहेर पाठवता येत नाही. पहिल्या महायुद्धातले टोप आता ती शंभरी ओलांडून गेले आहेत. दुसऱ्यातले २०४० च्या सुमारास ओलांडतील.

आणि ज्यांच्या घरी ट्रंक नाही, त्यांनी संग्रहालय गाठावं. नागपूरचा अजब बंगला १८६३ पासून उघडा आहे आणि तिथे शस्त्रदालन आहे. कामठीला ब्रिगेड ऑफ द गार्ड्सचं केंद्र आहे. काचेमागच्या टोपासमोर उभं राहून पाटी वाचण्याआधी थोडं थांबावं. ही खूण समोरून वाचायची की उलटून? लांबून की हातात घेऊन? मित्रानं, की कारकुनानं? एवढी उत्तरं मिळाली की पाटीवरचं निम्म्याहून अधिक आपलं आपल्यालाच सांगता येतं, आणि कधी कधी पाटी चुकलेली आहे हेही.